अणुशक्ती: लाभ आणि जोखीम

कोळशाच्या विजेची किंमत नागरिक रोज थोडीथोडी चुकवीत असतो: धूर, राख आणि खाणीतील अपघात या रूपाने. अणुविजेचा हिशेब निराळा आहे. एक किलो युरेनियम-२३५ चे संपूर्ण विखंडन झाल्यास सुमारे तीन हजार टन उत्तम कोळशाइतकी उष्णता मिळते, आणि तीही धुरावाचून. १९६९ पासून तारापूरने हा लाभ देशाला दिला आहे. मात्र येथील जोखीम क्वचित येणारी, पण आली तर फार मोठी असते.

या जोखमीचे मूळ कोठे आहे? चुलीतील लाकूड ओढून घेतले की जाळ विझतो. अणुभट्टीचे तसे नाही. विखंडन थांबल्यावरही त्यातून उपजलेली द्रव्ये तापतच राहतात. बंद होण्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण सामर्थ्याच्या सुमारे सहा टक्के असते. ती वाहून नेली नाही, तर इंधन वितळते.

३१ मार्च १९९३ च्या पहाटे गंगाकाठच्या नरोरा केंद्रात हीच कसोटी लागली. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन निसटून पेटला आणि विजेच्या तारा जळाल्या. चालकांनी अणुभट्टी तत्काळ बंद केली; परंतु सुमारे १७ तास केंद्र विजेविना राहिले. कर्मचारी विजेऱ्या घेऊन इमारतीच्या माथ्यावर चढले आणि विखंडन पुन्हा सुरू होऊ नये म्हणून बोरॉनचे द्रावण त्यांनी हातांनी झडपा उघडून सोडले. आग विझविण्याच्या डिझेल पंपांचे पाणी उष्णता वाहून नेण्याच्या कामी आले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही.

११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथेही भूकंप होताच चालू अणुभट्ट्या बंद झाल्या होत्या. परंतु त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडविली, तीन अणुभट्ट्यांतील इंधन वितळले आणि एक लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली.

नरोरा सावरले, म्हणून निश्चिंत होणे योग्य नव्हे. महत्त्वाच्या तारा एकाच आगीत जळाव्यात अशा रीतीने टाकल्या होत्या, हा दोष आगीनेच उघड केला. फुकुशिमा कोसळले, म्हणून ही शक्ती सर्वस्वी त्याज्य ठरविणेही घाईचे होईल. कारण तिच्या जागी कोळसा जाळला, तर त्याचाही भार कोणाच्या तरी फुप्फुसांवर पडतोच. जोखीम शून्य असलेली वीज मोठ्या प्रमाणावर कोठेही मिळत नाही.

म्हणून प्रत्येक केंद्रापुढे नागरिकांनी एक साधा प्रश्न ठेवावा: सगळी वीज गेली, तर विझलेली भट्टी कोण थंड करील, कशाने आणि किती तास? अणुशक्तीवरील विश्वास या प्रश्नाच्या तपासून घेतलेल्या उत्तरावरच उभा राहिला पाहिजे.