रंग गडद, म्हणून नशा अधिक?

युरोप-अमेरिकेत शरद ऋतूची चाहूल लागली की बिअरच्या ग्लासातला रंगही बदलतो. उन्हाळ्यातील फिकट बिअरची जागा तांबूस किंवा तपकिरी बिअर घेते. लहान प्रमाणावर, स्वतःच्या पद्धतीने बिअर बनविणाऱ्या ‘क्राफ्ट’ उत्पादकांच्या हंगामी बिअरची तर रसिक वर्षभर वाट पाहतात. मात्र, ‘रंग जितका गडद, तितकी बिअर कडक’ हा सर्वत्र आढळणारा समज चुकीचा आहे. तो दूर करायचा, तर रंग येतो कुठून हे आधी पाहायला हवे.

या परंपरेचे मूळ जर्मनीतील बव्हेरियात आहे. १५५३ मधील तेथील फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनविण्यास मनाई केली. उष्म्यात बिअर नासत असे, हे त्यामागचे कारण. साहजिकच मार्चमध्ये बनविलेली बिअर थंड तळघरांत साठवून उन्हाळाभर पुरविली जाई आणि उरलेली पिंपे शरदात संपविली जात. तिला ‘मेर्झेन’, म्हणजे मार्चची बिअर, असे नाव पडले. अमेरिकेतील अनेक क्राफ्ट उत्पादक शरदात हीच शैली तांबूस रंगात सादर करतात.

हा रंग माल्टचा. जव भिजवून, मोड आणून भट्टीत वाळविले की माल्ट तयार होते. उष्णता कमी ठेवल्यास ते फिकट राहते. वाढविल्यास त्यातील साखर व अमिनो आम्ले यांची अभिक्रिया होऊन ते तपकिरी होते. भाजलेल्या शेंगदाण्यांचा खमंगपणा याच अभिक्रियेतून येतो. इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलर यांनी १८१७ मध्ये माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले आणि थोड्याशा काळ्या माल्टने संपूर्ण बिअर काळीभोर करणे सोपे झाले.

अल्कोहोलचा हिशेब मात्र वेगळा आहे. यीस्ट किती साखर आंबविते, यावर त्याचे प्रमाण ठरते. काळीभोर दिसणाऱ्या आयरिश ‘गिनेस ड्राफ्ट’मध्ये अल्कोहोल सुमारे ४.२ टक्के असते, तर म्युनिचच्या ऑक्टोबरफेस्टमधील सोनेरी बिअरमध्ये सुमारे ६ टक्के!

गडद बिअरची चव घ्यायची, तर ती बर्फगार नसावी. अतिथंड बिअरचा गंध दबतो. ८ ते १२ अंश सेल्सिअस तापमान योग्य. ग्लास प्रकाशासमोर धरून रंग पाहावा, मग गंध घ्यावा. मेर्झेनमध्ये पावाच्या कवचाचा, तर अधिक भाजलेल्या माल्टच्या बिअरमध्ये कॉफी किंवा कडू चॉकलेटचा गंध जाणवतो. घोट लहान घ्यावा आणि तो गिळल्यानंतर जिभेवर काय उरते, याकडे लक्ष द्यावे.

६ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये ३० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. आपल्याकडील ३० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये ते सुमारे १३ मिलिलिटर भरते. म्हणजे असा एक ग्लास दोन पेगांहून अधिक झाला. मद्यपानाची कोणतीही मात्रा आरोग्यास सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे बाटलीचा रंग पाहून अंदाज बांधण्यापेक्षा लेबलवरील टक्केवारी वाचणे केव्हाही श्रेयस्कर.