भाजण्यामागची कारणे: पालघर आणि बोईसर-तारापूरच्या घरगुती पाककृतींविषयी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाककृती एका घरातून दुसऱ्या घरात जाते तेव्हा जिन्नसांची नावे आणि त्यांचे प्रमाण तिच्याबरोबर जाते. मूळ घरातले भांडे, आच, पिठाचे दळण आणि हवा मात्र मागेच राहते. पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात ही देवाणघेवाण विशेष घडते, कारण वाडवळ, मांगेला, भंडारी, वारली आणि पारशी-इराणी अशा जुन्या समाजांच्या शेजारी, १९६९ मध्ये तारापूरचे अणुऊर्जा केंद्र सुरू झाल्यावर आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढत गेल्यावर, देशाच्या अनेक भागांतून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. कृती सांगताना तिच्यामागचे कारण सांगितले गेले नाही, तर त्या रिकाम्या जागी गैरसमज येऊन बसतात. त्यांपैकी नेहमी आढळणाऱ्या काहींचा विचार येथे केला आहे.

गैरसमज १: चहूबाजूंनी उष्णता देऊन भाजण्याची रीत परकी आहे.

वस्तुस्थिती: या समजाचे मूळ काही अंशी भाषेत आहे. मराठीत भाकरी भाजतात, शेंगदाणे भाजतात आणि केकही भाजतात. उष्णता केवळ खालून येते की सर्व बाजूंनी, हे त्या एका क्रियापदावरून कळत नाही. प्रत्यक्षात उत्तर कोकणातील पाठारे प्रभू आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत भानोळे करताना, तसेच दक्षिण कोकणात काकडी, तांदळाचा रवा आणि गूळ यांचे धोंडस करताना, भांड्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवण्याची रीत जुनी आहे, आणि छोट्या विद्युत भट्टीत वर-खाली तापणाऱ्या दांड्या नेमके हेच काम करतात. याउलट उकडहंडीत कंद, शेंगा आणि वांगी बंद मडक्यात स्वतःच्याच वाफेवर शिजतात, म्हणून ती भाजण्यापेक्षा उकडण्याला जवळची आहे. पाव मात्र बाहेरून आला हे खरे. त्याचे नाव पोर्तुगीज भाषेतले आहे, आणि वसईवर पोर्तुगिजांची सत्ता १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षांहून अधिक काळ होती. पदार्थ परका असला तरी त्यासाठी लागणारे उष्णतेचे तंत्र येथे अनोळखी नव्हते.

गैरसमज २: प्रेशर कुकरमध्ये केक उकडला जातो, म्हणून त्यात पाणी घालून नेहमीप्रमाणे शिटी लावावी.

वस्तुस्थिती: समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि शिटी लावलेल्या कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते, पदार्थाला तांबूस रंग आणि खमंग वास देणारी प्रथिने आणि शर्करा यांची अभिक्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. त्यामुळे वाफेवर केलेला केक मऊ होईल, पण त्याची कड खरपूस होणार नाही. कुकर भट्टीसारखा वापरायचा असेल तर शिटी आणि रबरी कडे दोन्ही काढून, तळाशी दोनेक सेंटिमीटर जाड मिठाचा थर देऊन, त्यावर जाळी ठेवून आणि दहा मिनिटे आधी तापवून घेऊनच केकचे भांडे आत ठेवावे लागते. येथे मिठाचे काम चवीचे नसून उष्णता साठवून ती सावकाश आणि सारखी पसरवण्याचे आहे. तरीही कुकर पाण्याविना तापवण्यासाठी बनवलेला नसल्यामुळे घट्ट झाकणाची जाड बुडाची कढई हा अधिक चांगला पर्याय ठरतो.

गैरसमज ३: मायक्रोवेव्हमधील अन्नात किरणोत्सर्ग उरतो.

वस्तुस्थिती: अणुऊर्जा केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांना ‘किरण’ हा शब्द सावध करतो, हे स्वाभाविक आहे, परंतु त्या एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टी ओळखल्या जातात. अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकणाऱ्या प्रारणाला आयनकारी प्रारण म्हणतात. मायक्रोवेव्हमधील लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा आंदोलित होत असल्या तरी त्यांची ऊर्जा त्या कामाला फार अपुरी असते, आणि त्या अन्नातील पाण्याचे रेणू हलवून केवळ उष्णता निर्माण करतात. यंत्र बंद होताच लहरी संपतात आणि अन्नात काही उरत नाही. मायक्रोवेव्हची खरी मर्यादा वेगळीच आहे: गरम हवा खेळवण्याची सोय नसलेल्या साध्या यंत्रात पदार्थाचा पृष्ठभाग फारसा तापत नाही, म्हणून नानखटाई किंवा खारी त्यात नीट भाजली जात नाही.

गैरसमज ४: खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर एकमेकांच्या जागी चालतात.

वस्तुस्थिती: सोडा म्हणजे केवळ सोडियम बायकार्बोनेट. ताक, दही किंवा लिंबू यांसारख्या आंबट पदार्थाशी संयोग झाल्यावर त्यातून कर्बवायू पुरेसा सुटतो आणि पीठ फुगते. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडे आम्ल आणि ओल शोषण्यासाठी स्टार्च आधीच मिसळलेले असल्यामुळे तिला वेगळे आंबट लागत नाही, पण तिची ताकद सोड्याच्या सुमारे एक-तृतीयांश असते. ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या डहाणू-घोलवडच्या चिकूचा केक करताना हा फरक ठळकपणे जाणवतो, कारण पिकलेला चिकू गोड असला तरी फारसा आंबट नसतो. त्याच्या गरात दही न घालता सोडा टाकला, तर वापरला न गेलेला सोडा केकला साबणासारखी चव आणि गडद रंग देतो. साधारणपणे अर्धा चहाचा चमचा सोड्याला २४० मिलिलिटर आंबट दही किंवा ताक पुरते. अंडे नसेल तर केक होत नाही, हा समजही येथेच सुटतो. कारण अंड्याचे फुगवण्याचे काम दही-सोडा आणि ओलाव्याचे काम फळाचा गर बऱ्याच अंशी करतात, फक्त पोत किंचित दाट राहतो.

गैरसमज ५: ताडीने फुगवलेल्या पदार्थाने नशा होते.

वस्तुस्थिती: ताड, शिंदी किंवा माडाच्या झाडाचा ताजा रस, म्हणजे नीरा, हवेतील आणि मडक्यातील यीस्टमुळे काही तासांत आंबून ताडी होते. गोव्याचे पाववाले पाव करताना आणि वसई भागातील ख्रिस्ती घरे फुगे हा तळलेला पदार्थ करताना पीठ वर येण्यासाठी परंपरेने तिचाच आधार घेत असत. बाजारातील यीस्ट आणि ताडीतील मुख्य यीस्ट एकाच कुळातील आहेत. दोन्ही शर्करा खाऊन कर्बवायू आणि थोडा मद्यार्क तयार करतात. म्हणजे दुकानच्या यीस्टने केलेल्या पावाच्या पिठातही मद्यार्क असतोच, आणि भाजताना किंवा तळताना तो बहुतांशी उडून जाऊन जे उरते ते नगण्य असते.

गैरसमज ६: मैद्याच्या जागी तांदूळ किंवा नाचणी आणि साखरेच्या जागी गूळ घातला की तीच कृती पौष्टिक होते.

वस्तुस्थिती: गव्हाच्या पिठात पाणी घालून मळल्यावर ग्लुटेन या चिवट प्रथिनाचे जाळे तयार होते आणि त्यात वायू अडकून पाव उभा राहतो. तांदूळ आणि नाचणी यांत ग्लुटेन नसते, म्हणून त्यांचा पाव बसतो. नानखटाईला मात्र हे जाळे नकोच असते, कारण तिचा खुसखुशीतपणा तुपाने पिठाचे कण वेगळे ठेवण्यावर अवलंबून असतो. म्हणून १०० ग्रॅम गव्हाचे पीठ, १०० ग्रॅम भाजून गार केलेले नाचणीचे पीठ, १०० ग्रॅम तूप, १०० ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड या प्रमाणात, न मळता केवळ गोळा जमेल इतपत एकत्र करून, १६० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजलेली नानखटाई चांगली उतरते. ती गरम असताना मऊ लागते आणि गार झाल्यावर कुरकुरीत होते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असल्यामुळे पोषणात खरी भर पडते. गुळाबाबत तसे म्हणता येत नाही. त्यात खनिजे थोडी असली तरी तो मुख्यतः साखरच आहे आणि त्याची ऊर्जा साखरेच्या जवळपास आहे. शिवाय त्यात ओल अधिक असल्याने त्याची नानखटाई लवकर मऊ पडते.

गैरसमज ७: उरलेला भात पुन्हा चांगला गरम केला की निर्धोक होतो.

वस्तुस्थिती: भात हेच मुख्य अन्न असलेल्या आणि वाडा कोलमसारख्या तांदळाचा अभिमान असलेल्या जिल्ह्यात हा गैरसमज सर्वांत जोखमीचा आहे. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात तग धरणारी त्याची सुप्त रूपे, भात शिजतानाही टिकतात. भात उबदार हवेत तासन् तास राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि उलट्या घडवणारे हे विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे सुरक्षितता नंतरच्या गरम करण्यावर नसून आधीच्या गार करण्यावर ठरते. भात दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून ५ अंशांखालील थंडीत ठेवावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा. फ्रिज नसेल तर लागेल तेवढाच शिजवावा.

या सर्व उदाहरणांत चूक क्वचितच जिन्नसांच्या यादीत असते. ती ‘एक वाटी’ या शब्दात असते, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी असते आणि तीच वाटी मैद्याने व साखरेने भरली तर वजने निराळी येतात. किंवा ती ‘भाजून घ्यावे’ या दोन शब्दांत असते, ज्यांतून आचेची दिशा कळत नाही. पावसाळ्यात बोईसरच्या दमट हवेत पीठ ओल धरते, हेही लेखी कृतीत सहसा येत नाही. म्हणून शेजारी किंवा नातलगांना कृती देताना वजन ग्रॅममध्ये, भांड्याचा आकार, उष्णता कोठून द्यायची आणि पदार्थ झाल्याची खूण या चार गोष्टी जोडल्या, तर घेणाऱ्या घराला आपले भांडे, आपले पीठ आणि आपली हवा यांप्रमाणे बदल करता येतात, आणि पदार्थ फसला तरी तो कोठे फसला याचा शोध घेता येतो.