कॉलेजमधला मोकळा तास

बारावीपर्यंत तुमच्या अभ्यासावर बऱ्याच जणांचं लक्ष असतं. शिक्षक वही तपासतात, क्लासमध्ये टेस्ट होते, घरी आई विचारते. कॉलेजात हे एकदम थांबतं. दोन लेक्चरच्या मध्ये तासभर मोकळा मिळतो आणि वाटतं, आता निवांत! फसगत इथेच होते.

१ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात साधारण १५ तास लेक्चर. म्हणजे ४ क्रेडिटचा विषय वर्गात ६० तासांत संपतो. तेवढ्यात सगळं शिकवून होत नाही. बाकीचं वाचन तुमचं तुम्हालाच करायचं असतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा. रोजचा एक मोकळा तास लायब्ररीत बसून त्या दिवशीचं लेक्चर स्वतःच्या शब्दांत लिहा. मराठी माध्यमातून आला असाल, तर इंग्रजी संज्ञांसाठी वेगळी वही करा. अडलं तर लेक्चर संपल्यावर सरांना, मॅडमना विचारा. विचारणाऱ्याला ते सहसा परत पाठवत नाहीत.

पहिल्या सेमिस्टरला गुण कमी पडले तरी खचू नका. सवय लागायला वेळ लागतोच.

आणि पालकांनो, ‘किती अभ्यास झाला?’ याऐवजी ‘आज नवीन काय कळलं?’ असं विचारून बघा.