टोकियोचे वार्तापत्र : भेटीची कागदी डबी

टोकियो : जपानमध्ये भेटवस्तूइतकाच विचार तिच्या कागदाचा केला जातो. कागद कोणता, घडी कुठून कुठे गेली, दोरा कोणत्या रंगाचा आणि गाठ कशी, एवढ्यावरून प्रसंग लग्नाचा आहे, आजारपणाचा आहे की मृत्यूचा, हे घेणाऱ्याला कळते. आतली वस्तू नंतर. हाताने घडी घालून केलेली कागदी डबी हे या रिवाजाचे सर्वांत साधे रूप. तिला एक चौरस कागद पुरतो. कात्री लागत नाही, गोंदही लागत नाही. पारनेर तालुक्यातील सुपे हे महाराष्ट्रातले ठिकाण भारत-जपान यांच्यात ठरलेल्या जपानी औद्योगिक वसाहतींच्या यादीत आहे. त्यामुळे अहिल्यानगर जिल्ह्यात जपानी पाहुण्यांच्या हाती काही ठेवण्याची वेळ येऊ शकते, आणि त्यासाठी हा रिवाज माहीत असलेला बरा.

कागदाची विद्या जपानला बाहेरून मिळाली. ‘निहोन शोकी’ या इ. स. ७२० च्या बखरीत कोरियातून ६१० मध्ये आलेल्या दोन्चो नावाच्या भिक्षूचा उल्लेख आहे. त्याला कागद आणि शाई करता येत असे. पुढे जपानी कारागिरांनी कोझो, मित्सुमाता आणि गाम्पी या झुडपांच्या सालीपासून स्वतःचा कागद घडवला. तोच ‘वाशी’. कोझोचा तंतू सुमारे एक सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे लाकडाच्या लगद्यातील तंतूच्या कितीतरी पट. म्हणूनच वाशी पातळ असूनही घडीवर तुटत नाही. २०१४ मध्ये युनेस्कोने हामादा, मिनो आणि सैतामा प्रांतातील ओगावा व हिगाशिचिचिबु या ठिकाणच्या वाशीच्या कारागिरीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

हा कागद महाग होता, त्यामुळे घडी घालण्याची कला प्रथम देवळांत आणि सरदारघराण्यांत वाढली. कोणती वस्तू कशा घडीत द्यायची याचे नियम ठरले. इसे सादाताके या दरबारी शिष्टाचाराच्या जाणकाराने १७६४ मध्ये ते लिहून काढले. पंखा, लेखणी, मसाले, औषधाची पूड अशा प्रत्येकासाठी वेगळी घडी, आणि घडी पाहूनच आत काय आहे ते ओळखायचे. त्या काळातील एक खूण आजही टिकून आहे. शुभप्रसंगीच्या भेटीच्या उजव्या कोपऱ्यात ‘नोशी’ नावाची छोटी लाल-पांढरी घडी असते. मुळात तीत अबालोनी या शिंपल्यातील प्राण्याच्या वाळवलेल्या मांसाची पट्टी गुंडाळलेली असे. आता ती बहुधा नुसती छापलेली असते.

दोऱ्याचे नियम अजून काटेकोर आहेत. लाल-पांढरा दोरा मंगल प्रसंगाला, काळा-पांढरा शोकाला. बाळाच्या जन्मासारख्या पुन्हा यावा अशा आनंदाला सहज सुटणारी फुलगाठ. लग्नाला आणि आजारातून उठलेल्याला मात्र न सुटणारी गाठ, कारण ते पुन्हा घडू नये. पैशाच्या पाकिटाची मागची घडीसुद्धा बोलते. आनंदाच्या वेळी खालची पट्टी वर येते, दुःखाच्या वेळी वरची पट्टी खाली. लग्नात कोऱ्या नोटा द्यायच्या, अंत्यविधीला वापरलेल्या. कोऱ्या दिल्या तर जणू आधीपासून तयारी होती असे दिसते. आहेराच्या पाकिटाला एक रुपयाचे नाणे चिकटवणाऱ्या महाराष्ट्राला यात फार नवल वाटू नये.

डबीचा इतिहासही जुना आहे. १७३४ च्या ‘रानमा झुशिकी’ या नक्षीकामाच्या पुस्तकात कागदी घनाकृती पेटीचे चित्र सापडते. ती ‘तामातेबाको’, म्हणजे उराशिमा तारो या कोळ्याच्या लोककथेतली उघडू नये अशी पेटी. सहा चौरस एकमेकांत अडकवून ती होते. आधुनिक काळात या प्रकाराला सर्वांत पुढे नेले ते तोमोको फुसे यांनी. १९५१ मध्ये जन्मलेल्या या बाईंनी षट्कोनी, अष्टकोनी, पिळदार झाकणांच्या डब्यांची पुस्तकेच्या पुस्तके लिहिली. शाळेत मात्र ही कला वेगळ्या वाटेने शिरली. १८७६ मध्ये टोकियोत पहिली बालवाडी निघाली तेव्हा जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या पद्धतीबरोबर कागदाच्या घड्या हा अभ्यासाचा भाग झाला.

घरोघरी केली जाणारी डबी म्हणजे ‘मासु’. मूळ मासु हे आपल्या अधोली-पायलीसारखे लाकडी माप. धान्य आणि साके त्यानेच मोजत. कागदी मासु अशी होते. १५ सें.मी.चा चौरस कागद रंगीत बाजू खाली करून ठेवावा, दोन्ही दिशांनी मधोमध घडी घालून उलगडावा आणि चारही कोपरे मध्यबिंदूवर आणावेत. तयार झालेल्या लहान चौरसाच्या समोरासमोरच्या दोन कडा मध्यरेषेवर आणून दाबाव्यात आणि उलगडाव्यात. उरलेल्या दोन कडांचेही तसेच करावे. मग समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण मोकळे सोडून बाकीच्या दोन बाजू भिंतींसारख्या उभ्या करायच्या. मोकळ्या टोकाकडची पट्टी खुणांवरून आत वळवत उचलली की तिसरी भिंत उभी राहते आणि टोक भिंतीवरून आत येऊन तळाशी बसते. चौथी तशीच. ही शेवटची दोन वळणे नवख्याला चकवतात, पण खरी चूक आधीच झालेली असते. पहिली घडी अर्धा मिलिमीटर सरकली तर डबी तिरकी उभी राहते. प्रत्येक घडी नखाने नीट दाबावी.

या कागदातून ५.३ सें.मी. लांब-रुंद आणि २.६५ सें.मी. उंच डबी निघते. तळाची बाजू काढायला कागदाच्या बाजूला ०.३५४ ने गुणायचे. म्हणजे ३० सें.मी. कागदाची डबी १०.६ सें.मी.ची होते आणि तीत पाव किलो पेढे सहज मावतात. झाकण त्याच मापाच्या कागदाचे चालते. फक्त कडा मध्यरेषेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबवाव्यात, म्हणजे ते तळापेक्षा तेवढेच मोठे होते.

दुकानांतही कागदाचा मान मोठा. मित्सुकोशी या जुन्या पेढीचा लाल-पांढरा वेष्टनकागद गेन्इचिरो इनोकुमा या चित्रकाराने १९५० मध्ये रेखाटला आणि तो अजून वापरात आहे. जुलैतील ओचूगेन आणि डिसेंबरातील ओसेइबो या भेटींच्या हंगामांत विक्रेते खोका कागदावर तिरका ठेवून, फिरवत फिरवत क्षणात गुंडाळतात. या हौसेची दुसरी बाजूही आहे. पुड्यात खोका, खोक्यात प्रत्येक बिस्किटाला वेगळी पिशवी, असा कचरा जपानमध्ये डोंगराएवढा झाला. १९९५ च्या वेष्टन-पुनर्वापर कायद्यात २००० पासून कागदी वेष्टनेही आली. जाहिरातीच्या जुन्या कागदाची डबी करून तीत भाजीची साले टाकणारी घरे या बाबतीत दुकानांपेक्षा शहाणी म्हणायची.

नगरकरांना वाशी शोधत बसण्याचे कारण नाही. खुलताबाद तालुक्यातील कागजीपुऱ्यात हातकागदाची जुनी परंपरा आहे, पुण्यातही हातकागद मिळतो. फक्त पातळ प्रत घ्यावी. जाड कागद घडीवर फुटतो. पाहुण्याला डबी दोन्ही हातांनी द्यावी. त्याने ती समोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नये; तिथे देणाऱ्यासमोर भेट न उघडणे हीच सभ्यता मानतात. चार आणि नऊ हे आकडे तिथे अशुभ, म्हणून मोजकेच पेढे घालायचे असतील तर तीन किंवा पाच घालावेत.