आईचा रोजा, लेकराचा ताप

रक्ताचा कर्करोग झालेलं लेकरू घेऊन परगावाहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात आलेल्या आईला सहरीसाठी गजर लागत नाही. थर्मामीटर पाहत ती जागीच असते. केमोने पांढऱ्या पेशी घटतात. ताप 38 अंशांवर गेला, की मध्यरात्रीही रुग्णालय गाठायचं. स्टेरॉइडने पोराला अवेळी भूक लागते, पण इफ्तारची बाहेरून आणलेली चिरलेली फळं त्याला वर्ज्य. ताजं, गरम तेवढंच द्यायचं. उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. म्हणजे दोन रमजान तरी याच धावपळीत. आजारी आणि मुसाफिराला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत सूरह बकराच्या 185व्या आयतीत आहे. परगावची ही आई मुसाफिर ठरते का, हे आलिमांना विचारता येईल. तरी अनेकींना रोजा चुकवणं जिवावर येतं. पण चक्कर येऊन तीच पडली, तर पोराजवळ कोण बसणार?