घरगुती इंटरनेट : टेलिफोनची तार की केबल?

आधुनिक शेतीमध्ये बी-बियाणे व खतांइतकेच वेळेवर मिळणाऱ्या माहितीलाही महत्त्व प्राप्त झाले आहे. हवामानाचा अंदाज, बाजार समितीतील भाव, रोगट पानाचे छायाचित्र पाठवून घेतलेला तज्ज्ञांचा सल्ला, तसेच मुलामुलींचा अभ्यास यासाठी घरी खात्रीचे इंटरनेट असणे गरजेचे आहे. गावात फायबर, म्हणजे काचतंतूची जोडणी घरापर्यंत मिळत असेल तर तिलाच प्रथम पसंती द्यावी. मात्र जेथे ती अजून पोचलेली नाही, तेथे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरील डीएसएल व केबल टीव्हीच्या तारेवरील इंटरनेट यांपैकी एकाची निवड करावी लागते. बरेच शेतकरी जाहिरातीतील वेग पाहून वर्षाचे पैसे आगाऊ भरतात व नंतर पस्तावतात. हे टाळण्यासाठी दोन्ही पद्धतींची माहिती असणे आवश्यक आहे.

डीएसएल कसे चालते?

टेलिफोन केंद्रापासून आपल्या घरापर्यंत तांब्याच्या तारांची एक स्वतंत्र जोडी येते. आपले बोलणे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात जाते. त्यावरचा मोकळा पट्टा डीएसएल वापरते, म्हणून एकाच तारेवर फोन व इंटरनेट दोन्ही चालतात. फोनला फिल्टर लावला नाही तर मात्र बोलताना खरखर येते.

ठिबकची लॅटरल प्रमाणापेक्षा लांब टाकली तर शेवटच्या तोटीला दाब कमी पडतो. येथेही तसेच होते. तार जितकी लांब, तितका संदेश क्षीण. एडीएसएल-२ प्लस या पद्धतीत जास्तीत जास्त २४ मेगाबिट प्रति सेकंद वेग मिळू शकतो. परंतु तो केंद्राजवळच. साधारण ३ किलोमीटरवर तो ८ च्या आसपास येतो आणि ५ किलोमीटरवर १ ते २ उरतो. हे अंतर तारेच्या मार्गाने मोजावयाचे असते, सरळ रेषेत नव्हे. तारेचे सांधे गंजलेले असल्यास पावसाळ्यात वेग आणखी घटतो.

केबलचे गणित वेगळे

केबलच्या तारेची वहनक्षमता तांब्याच्या जोडीपेक्षा पुष्कळ जास्त असते. वाटेत ठिकठिकाणी संदेशाची ताकद वाढविणारे अॅम्प्लिफायर बसविलेले असतात, त्यामुळे अंतराची अडचण कमी जाणवते. परंतु ही तार परिसरातील अनेक घरांत सामाईक असते. एका सबमेनवरील सर्व व्हॉल्व्ह एकदम उघडले की प्रत्येकाचा दाब उतरतो, त्याप्रमाणे रात्री ७ ते १० या वेळेत सर्व घरे वापर करू लागली की वेग घसरतो. शिवाय वाटेतील अॅम्प्लिफायरला वीज लागते. भारनियमनात त्यांना पर्यायी वीज नसेल, तर आपल्या घरी वीज असूनही इंटरनेट बंद पडते. टेलिफोन केंद्रात सहसा बॅटरीची सोय असते; तेथे फक्त आपला मोडेम चालू राहिला म्हणजे झाले.

वेगाचा हिशोब

जाहिरातीतील वेग मेगाबिटमध्ये असतो, तर फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ८ मेगाबिटच्या जोडणीवर ६०० मेगाबाइटची चित्रफीत उतरवून घेण्यास सुमारे १० मिनिटे लागतात. दोन्ही पद्धतींत पाठविण्याचा वेग उतरवून घेण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो. पाठविण्याचा वेग अर्धा मेगाबिट असेल, तर पानाचे ४ मेगाबाइटचे एक छायाचित्र पाठविण्यास १ मिनिटाहून अधिक वेळ लागतो. करिता दोन्ही वेग विचारून घ्यावेत.

निवड करताना घ्यावयाची काळजी

१) टेलिफोन केंद्रापासून आपल्या घरापर्यंत तारेची लांबी किती, याची लाइनमनकडे चौकशी करावी. अंतर ३ किलोमीटरच्या आत असल्यास व फोनवर खरखर नसल्यास डीएसएलचा विचार करावा.

२) तांब्याची लाइन पुढे किती काळ चालू ठेवणार आहेत, हे अवश्य विचारावे. अनेक ठिकाणी तिची जागा फायबर घेत आहे.

३) केबल घ्यावयाची असल्यास त्याच तारेवरील शेजाऱ्याकडे रात्री ८ वाजता जाऊन वेग प्रत्यक्ष पाहावा. दुपारच्या वेगावर विसंबून राहू नये.

४) सुरुवातीस एक महिन्याचेच पैसे भरावेत. त्या काळात सकाळी, दुपारी व रात्री वेग मोजून वहीत नोंद ठेवावी. मोजताना संगणक मोडेमला तारेने जोडावा.

५) विजा चमकत असताना मोडेमची विजेची पिन व बाहेरून येणारी तार दोन्ही काढून ठेवाव्यात. वस्तीवर येणाऱ्या लांब तारेतून मोडेम जळण्याचा धोका असतो.

६) बरेच मोडेम १२ व्होल्टवर चालतात. मोडेमवर लिहिलेले व्होल्ट पाहूनच त्यास योग्य असा बॅटरी संच जोडावा.

थोडक्यात, केंद्राजवळ राहणाऱ्यांना डीएसएलचा वेग मर्यादित परंतु बराचसा स्थिर मिळतो. केंद्रापासून दूर, पण वापरणारी घरे मोजकी असलेल्या तारेवर केबल सरस ठरते. ठिबक संच पारखताना आपण पंपाची अश्वशक्ती पाहून समाधान मानत नाही, तर शेवटच्या तोटीतून किती पाणी पडते ते मोजतो. शेतकरी बंधू-भगिनींनी इंटरनेटची निवडही याच कसोटीवर करावी, म्हणजे भरलेल्या पैशांचा पुरेपूर मोबदला मिळेल.