पाऊस, पास आणि रजा



ऊन डोक्यावर तापत असताना आम्ही पावसाळ्यातील सहलीचा विषय घेऊन उभे राहिलो, याचे काहींना हसू येईल. पण दरवर्षी वैशाखातच आमच्याकडे हा प्रश्न येतो. नगरपालिकेत झाडू मारणारी एखादी बाई किंवा मोंढ्यातला एखादा हमाल रस्त्यात थांबवून विचारतो, "भाऊ, औंदा सहस्रकुंडाला कवा न्यायलाव?" वर्षातून एकदा घराबाहेर पडायचे, चार दिवस पाणी पडताना पाहायचे आणि परत कामाला लागायचे, एवढीच ही हौस आहे. पैसा थोडा आणि रजा त्याहून थोडी असल्यामुळे बेत चुकला की वर्ष गेले. म्हणून हा बेत कसा आखावा हे आज सांगावयाचे आहे. आम्ही काही हवामानशास्त्राचे पंडित नव्हे. जे कळले ते वर्तमानपत्रे वाचून, चार जाणत्यांना विचारून आणि मुख्यतः स्वतः फसून कळले.

फसलो ते प्रथम सांगतो. २०२३ साली आम्ही अकरा जण निघालो होतो. १२ ऑगस्टला शनिवार होता, १५ ऑगस्टला मंगळवार. मधल्या एका सोमवारची रजा काढली की चार दिवस सलग मिळत होते. रजेचे अर्ज पंधरा दिवस आधी दिले. जुलै अखेरीस आपल्याकडे धो धो पाऊस झाला होता, तेव्हा ऑगस्टात धबधबा ओसंडून वाहणार याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. उत्साहाच्या भरात आम्ही एसटीचे चार दिवसांचे 'आवडेल तेथे प्रवास' या योजनेतले अकरा पासही आगाऊ काढले. आणि पाऊस थांबला! तो ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आम्ही इस्लापूरला उतरून कड्यावर गेलो तेव्हा काळा खडक उन्हात चमकत होता आणि एका कोपऱ्यातून करंगळीएवढी धार पडत होती. बरोबरची पोरे म्हणाली, "हेच का सहस्रकुंड?" काय सांगणार?

यातला पहिला धडा अंदाजाचा. गंमत अशी की हवामान खात्याचा त्या वर्षीचा अंदाज चुकला नव्हता. एप्रिलमध्ये त्यांनी सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, प्रत्यक्षात ९४ टक्के झाला. शाळेत एवढे गुण जवळ आले तर मास्तर पाठ थोपटतील. मग आमचा बेत का कोसळला? कारण तो अंदाज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा आणि अवघ्या देशाचा होता. आमचा प्रश्न चार दिवसांचा आणि एका कड्याचा होता. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर. ती कुठे पडली, कोणत्या आठवड्यात पडली, हे त्या आकड्यात नसते. गिरणीच्या वर्षभराच्या नफ्यावरून एखाद्या कामगाराच्या घरी आज चूल पेटली की नाही हे जसे कळत नाही, तसेच हे.

या मोठ्या अंदाजाची जन्मकथा मोठी मौजेची आहे. हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावर हिवाळ्यात बर्फ किती पडले यावरून पुढचा मोसमी पाऊस सांगण्याचा प्रयत्न केला. बर्फ जास्त तर पाऊस कमी, असा त्यांचा ताळा होता. ४ जून १८८६ रोजी पहिला रीतसर अंदाज निघाला तो मुख्यतः या बर्फाच्या आधाराने. म्हणजे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे नशीब हिमालयातल्या बर्फाला विचारून सांगत होते! पुढे वॉकरसाहेबांनी दूरदूरच्या समुद्रांवरील हवेच्या दाबाचा आणि आपल्या पावसाचा संबंध शोधला. १९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले; शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात.

बर्फाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपण जशी पावसाची वाट पाहतो तशी बर्फाची वाट पाहणारे लोक आहेत. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ युरोप-अमेरिकेत मोठा आहे. तिथे हंगामभराचा पास बर्फ पडण्याच्या कित्येक महिने आधी स्वस्तात विकतात. पैसे आधी जमा, बर्फ पडणे न पडणे देवाधीन. आपल्याकडे हा खेळ काश्मीरमधील गुलमर्गला चालतो. तिथेही २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फ पुरेसे नसल्यामुळे 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. खेळाडूंचे सोडा, पण घोडेवाला, घसरगाडी ओढणारा, हॉटेलात भांडी घासणारा पोरगा, यांचा त्या दिवसांचा रोज कोणी दिला असेल? असो.

तर मग कोणता अंदाज पाहावा? आमच्या मते तीन पायऱ्यांनी पाहावा. एप्रिलच्या मध्याचा आणि मे अखेरचा मोठा अंदाज वाचावा आणि बाजूला ठेवावा. त्यावर सहल ठरवू नये. दुसरा अंदाज दर गुरुवारी निघतो. त्यात पुढच्या चार आठवड्यांत कोणत्या विभागात पाऊस सरासरीहून अधिक, कोणत्या कमी, याचा आठवडावार कल असतो. मराठवाडा हा देशाच्या ३६ हवामान उपविभागांपैकी एक धरलेला आहे, त्यामुळे आपला रकाना वेगळा सापडतो. यावरून आठवडा निवडावा. तिसरा जिल्हावार पाच दिवसांचा, तो रोज नवा निघतो. त्यावरून दिवस निवडावा. पंचांगातले नक्षत्राचे वाहन आम्हीही कौतुकाने वाचतो. बेडूक निघाला की म्हातारी माणसे खूश, कोल्हा निघाला की उदास. पण कोल्ह्याच्या भरवशावर रजा काढू नये.

जिल्ह्याचा अंदाज वाचताना शब्दांकडे नीट पाहावे, कारण तेथे प्रत्येक शब्दाला माप आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातील शंभर ठिकाणांपैकी फार तर पंचवीस ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नासपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊणशेपर्यंत आणि 'बहुतांश ठिकाणी' त्याच्याही वर. 'नांदेड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार' असे वाचून कंधारात कोरडे राहिले म्हणजे लोक खात्याला शिव्या देतात. पण खात्याने कंधारचे नाव घेतलेच नव्हते. तसेच 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक, 'अति मुसळधार' म्हणजे ११५.६ पासून पुढे आणि 'अत्यंत मुसळधार' म्हणजे २०४.४ च्याही पलीकडे. रंगांचे तसेच. हिरव्याला काही करावयाचे नाही, पिवळ्याला लक्ष ठेवायचे, नारिंगीला तयारीत राहायचे आणि लाल लागला की हालचाल करायची. ही हालचाल म्हणजे जीव सांभाळण्याची, धबधबा पाहायला धावण्याची नव्हे. १८ ऑगस्ट २०२५ च्या सुमारास आपल्या शेजारच्या मुखेड तालुक्यात दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावे पाण्याने वेढली गेली, लष्कराला बोलवावे लागले, माणसे गेली. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, ती तर सहलीलाच आली होती.

आता धबधब्याची एक खास गोष्ट, जी आम्हांला फार उशिरा उमगली. सहस्रकुंड पैनगंगेवर आहे. पैनगंगा उगम पावते बुलढाणा जिल्ह्यातील अजिंठ्याच्या डोंगरांत, मग वाशीम, हिंगोली, यवतमाळच्या बाजूने वाहत येते, आणि वाटेत तिच्यावर इसापूरचे मोठे धरण आहे. तेव्हा इस्लापुरात पाऊस पडतो की नाही हा प्रश्न दुय्यम. वरच्या अंगाला काय पडले आणि इसापूरच्या धरणात किती साठा झाला, हे पाहायचे. धरण रिकामे असेल तर वर पडलेला पाऊस ते पोटात घेते आणि आपण खडक पाहत बसतो. धरण भरत आले आणि दरवाजे उघडले की इस्लापुरात लख्ख ऊन असतानाही कडा गर्जू लागतो. हे जितके पाहण्यासारखे तितकेच धोक्याचे, कारण कोरड्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाला पाण्याची चाहूल लागत नाही. अजून एक अडचण. नांदेड आणि हिंगोलीचा अंदाज मुंबईच्या केंद्राकडून येतो, बुलढाणा, वाशीम, यवतमाळचा नागपूरच्या केंद्राकडून. नदी एक आणि पत्रके दोन, तेव्हा दोन्ही वाचावीत.

अंदाजाचे एवढे झाले. आता पासाकडे वळू, कारण तिथे आमची दुसरी चूक झाली होती. 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना एसटीने १९८८ साली काढली. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास घ्यावा आणि हव्या त्या गाडीत चढावे. नाव इतके गोड की कोणी हिशोब करीत नाही. आम्हीही केला नाही. साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात. कंधार, नांदेड, इस्लापूर, किनवट, माहूर आणि परत नांदेडवरून कंधार, हा सगळा फेरा सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास भरतो. कागदावर टप्पे मांडले तेव्हा दिसले की साधी तिकिटे काढली असती तर पासाहून पुष्कळ कमी पैसे गेले असते. आमच्या अजमासाने दिवसाला दोनशे किलोमीटर किंवा अधिक प्रवास असेल तरच चार दिवसांचा पास परवडतो. दर बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी आगारात दर विचारून हाच भागाकार स्वतः करावा. महाबळेश्वर किंवा आंबोलीला जाणाऱ्याला पास खरोखर स्वस्त पडेल. मात्र चारांतले दोन दिवस गाडीतच जातील हेही त्याने मनाशी धरावे.

त्याहून वाईट म्हणजे आमच्या अकरांत तीन बहिणी होत्या. १७ मार्च २०२३ पासून राज्यात स्त्रियांना एसटीचे निम्मेच तिकीट आहे. त्यांतली एक परतीच्या वाटेवर शांतपणे म्हणाली, "भाऊ, आमचं तर अर्धंच तिकीट असतंय की. मग हे कशाला काढलाव?" आम्ही तीस वर्षे कामगारांना पगाराच्या पावत्या तपासायला शिकवतो! ७५ वर्षांवरील वृद्धांना तर २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. त्यांच्यासाठी पास काढणे म्हणजे नदीला पाणी विकत देणे. या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच, हे मात्र बासरला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि पास असला म्हणजे बसायला जागा मिळतेच असे नाही. जागेचे आरक्षण वेगळे करावे लागते. पास हरवला तर दुसरा मिळत नाही, म्हणून तो पुरुषांनी वरच्या खिशात न ठेवता आत ठेवावा.

एवढे सगळे समजले तरी गाठ सुटत नाही, कारण ती पावसात किंवा पासात नाही, रजेत आहे. भरवशाचा अंदाज पाच दिवसांचा आणि रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी. ज्याची रजा स्वतःच्या हातात आहे तो सकाळी पत्रक वाचून दुपारी निघतो. आमचा माणूस पंधरा दिवस आधी आंधळा डाव टाकतो, आणि पाऊस आला नाही तर रजाही जाते. कंत्राटावरच्या माणसाला रजाच नाही. तो गेला की रोज बुडाला, म्हणजे त्याच्या सहलीचा खर्च भाड्याच्या दुप्पट. जिनिंगवाल्यांची आणि ऊसतोडीवाल्यांची कथा आणखी निराळी. कापसाचा आणि उसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, म्हणून पावसाळ्यात त्यांच्याजवळ वेळ भरपूर, खिसा रिकामा. त्यांच्या फुरसतीला सहल म्हणावे की बेकारी, हे त्यांनाच विचारावे.

यावर आम्ही एक लहानसा उपाय चालवला आहे. अर्जात एक तारीख न घालता दोन तारखा घालायच्या. अमुक शनिवारपासून, अन्यथा त्यापुढील शनिवारपासून. यांपैकी कोणती हे पाच दिवस आधी कळवू. एका कचेरीतील साहेबांनी असा अर्ज पाहून प्रथम कपाळाला आठ्या घातल्या, पण बदली माणूस दोन्ही आठवड्यांसाठी आम्हीच सुचवल्यावर सही केली. दुसऱ्या ठिकाणी कंत्राटदाराने अर्ज वाचलासुद्धा नाही. ते भांडण चालू आहे.

यंदा सोळा नावे आली आहेत. बेत सप्टेंबरच्या पूर्वार्धात धरला आहे, कारण तोवर इसापूरच्या धरणाचा अंदाज येतो. ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारचे पत्रक पाहून दोन शनिवार ठरवू आणि अर्ज देऊ. निघण्याच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी आमच्या कचेरीत मुंबई आणि नागपूर, दोन्हीकडची पत्रके मोठ्याने वाचली जातील. इस्लापूर किंवा वरच्या जिल्ह्यांवर नारिंगी किंवा लाल रंग असेल तर निघायचे नाही, मग कोणी कितीही हट्ट धरो. पास काढायचे नाहीत, तिकिटेच काढायची. ज्यांना यायचे असेल त्यांनी नाव देताना दोन्ही शनिवारांची सोय घरी विचारून यावे, आणि बहिणींनी आधार कार्ड बरोबर घ्यावे.